घरचा कॉम्प्युटर विज्ञानाला द्यायचा, पण किती?



मागच्या जानेवारीतली गोष्ट. एका रात्री आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, पाणी प्यायला उठले. हॉलच्या कोपऱ्यातून घुरघुर आवाज येत होता. सकाळी चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, "सूनबाई, तुमचा तो डब्बा रातभर काहून घुरघुरते? समोर तर कोणीच बसलं नव्हतं."

मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "आबा, तो रात्री विज्ञानाचं काम करतो."

आबा शांतपणे म्हणाले, "अन् बिल कोण भरते? विज्ञान का?"

त्या वेळी मला हसू आलं. पुढच्या महिन्यात बिल हातात पडलं तेव्हा हसू गेलं. आजचा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. घरच्या कॉम्प्युटरची ताकद विज्ञानाला देता येते, जरूर द्यावी, पण ती मोजून कशी द्यायची? आणि हे मोजमाप आपल्या लेकरांना गणिताचा धडा म्हणून कसं शिकवायचं?

हा प्रकार नेमका काय आहे?

आपण कॉम्प्युटरवर टाईप करतो, शाळेची माहिती भरतो, मुलांना व्हिडिओ दाखवतो. या सगळ्या वेळात त्याचा प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो. दुसरीकडे शास्त्रज्ञांकडे इतकी आकडेमोड पडून असते की एका संस्थेच्या मशीन्सना ती पुरी होत नाही. मग ते कामाचे छोटे छोटे तुकडे करतात आणि जगभरातल्या घरांमध्ये इंटरनेटने पाठवतात. आपला कॉम्प्युटर तो तुकडा सोडवून उत्तर परत पाठवतो. याला स्वयंसेवी संगणन म्हणता येईल. श्रमदानच आहे हे, फक्त फावडं-टोपल्याच्या जागी प्रोसेसर.

यातला सगळ्यात गाजलेला प्रकल्प म्हणजे सेटी ॲट होम. परग्रहावरून काही संकेत येतात का हे शोधण्यासाठी तो मे १९९९ मध्ये सुरू झाला. मार्च २०२० अखेर त्याने नवीन काम वाटणं थांबवलं. तो चालवणाऱ्या अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात पुढे बॉइंक नावाचं मोफत सॉफ्टवेअर तयार झालं. आज अनेक प्रकल्प या एकाच सॉफ्टवेअरवर चालतात. माझ्या घरी जो चालतो त्याचं नाव आईनस्टाईन ॲट होम. तो २००५ पासून सुरू आहे.

आपल्या यवतमाळच्या शेजारची गोष्ट

मी हाच प्रकल्प का निवडला, ते सांगते. पुसद, उमरखेडकडच्या लोकांना माहीत आहे, पैनगंगा ओलांडली की हिंगोली जिल्हा लागतो. तिथल्या औंढा नागनाथला आपण सगळे ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला जातो. त्याच औंढ्याजवळ दुधाळा गावाच्या परिसरात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. खर्च सुमारे २६०० कोटी रुपये. इंग्रजी एल अक्षरासारख्या दोन भुजा, प्रत्येक भुजा ४ किलोमीटर लांब.

अशाच दोन वेधशाळा अमेरिकेत आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहरी टिपल्या. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली होती, त्याची ती थरथर. गोंगाटातून असा बारीक संकेत वेगळा काढायची गणिती पद्धत घडवण्यात पुण्याच्या आयुका संस्थेतले डॉ. संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी हे काम १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून, म्हणजे लहर सापडायच्या कितीतरी आधीपासून केलं.

आता आपला संबंध कुठे येतो? आदळण्याची लहर क्षणभराची असते. पण स्वतःभोवती गरगर फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांपासून फार मंद, सतत चालणारी लहर येत असावी असं शास्त्रज्ञांना वाटतं. ती शोधायला महिनोन् महिन्यांची नोंद बारकाईने चाळावी लागते. ती चाळणी आईनस्टाईन ॲट होम आपल्यासारख्यांच्या घरी वाटून देतो. अशी सततची लहर अजून सापडलेली नाही. पण याच प्रकल्पाने रेडिओ दुर्बिणींच्या नोंदींमधून नवे पल्सार, म्हणजे ठोके देणारे न्यूट्रॉन तारे, शोधले आहेत. पहिला २०१० मध्ये सापडला. तो अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं एक जोडपं आणि जर्मनीतला एक माणूस यांच्या कॉम्प्युटरवर सापडला. तो तारा सेकंदाला सुमारे ४१ वेळा स्वतःभोवती फिरतो.

हे वाचून मी लगेच सॉफ्टवेअर घेतलं. उद्या औंढ्याची वेधशाळा सुरू होईल तेव्हा माझ्या वर्गातली पोरं म्हणतील, या कामात आमच्या मॅडमचाही हात आहे. एवढीच हौस.

माझं काय चुकलं?

मी बॉइंक टाकलं आणि एकही सेटिंग बघितली नाही. चार कोरचा जुना डेस्कटॉप, चारही कोर रात्रंदिवस चालू. पूर्वी आम्ही रात्री कॉम्प्युटर बंद करायचो. आता "विज्ञानासाठी" तो चालूच ठेवायला लागलो.

हिवाळ्यात आमचं घर साधारण ८८ युनिटवर असतं. त्या महिन्यात आकडा १४५ च्या पुढे गेला. १०० युनिटच्या पुढे दर एकदम वाढतो हे आपल्याला माहीतच आहे. आबा काही बोलले नाहीत, फक्त बिल चष्मा लावून दोनदा वाचलं.

तरी मी शहाणी झाले नाही. रात्रीचं बंद केलं, पण दिवसा मशीन तसंच चालू. एप्रिल लागला. आपल्याकडचा उन्हाळा काय सांगायचा, दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. एका दुपारी लेक शाळेच्या प्रकल्पाचं टाईप करत बसली होती आणि मशीन धाडकन बंद पडलं. तिने मध्येच सेव्ह केलं नव्हतं, दोन तासांचं लिखाण गेलं. दुरुस्तीवाल्या दादांनी झाकण उघडलं तर पंख्यावर धुळीचा थर. ते म्हणाले, "मॅडम, एवढ्या गरमीत याला दिवसभर पळवता, ते काय करेल? तापलं की स्वतःला वाचवायला बंद पडते."

लेकीने मला विचारलं, "आई, तुझं विज्ञानाचं काम माझ्या अभ्यासापेक्षा मोठं आहे का?" उत्तर द्यायला मला जड गेलं. आपण दान करतो म्हणतो आणि भार घरातल्या दुसऱ्यांवर टाकतो, ते काही खरं नाही. तेव्हा ठरवलं, बंद नाही करायचं, पण आता मोजून.

मोजायचं कसं? मीटर बघून!

वेगळं यंत्र विकत घ्यायची गरज नाही. आपल्या घराच्या मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो. मीटरवरच लिहिलेलं असतं की एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो. आमच्या मीटरवर ३२०० लिहिलं आहे. तुमचं वेगळं असू शकतं, आधी वाचून घ्या.

रविवारी सकाळी आम्ही १० मिनिटं घरातलं सगळं बंद केलं. फ्रिज, पंखे, राउटर, सगळं. बॉइंकचं काम आधीच उतरवून घेतलेलं असतं, त्यामुळे नेट नसलं तरी हिशोब चालू राहतो. पहिल्या वेळी आकडा भलताच आला. डोकं खाजवलं तेव्हा कळलं, इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होत होती! इन्व्हर्टर बंद करायला विसरू नका.

लेक मीटरसमोर बसली, आबांनी घड्याळ धरलं. १० मिनिटांत दिवा किती वेळा लुकलुकला ते असं:

कॉम्प्युटर चालू, पण बॉइंक बंद: २४ वेळा
बॉइंक दोन कोरवर: ३६ वेळा
बॉइंक चारही कोरवर: ४८ वेळा

आता गणित. १० मिनिटांत २४, तर तासाला २४ × ६ = १४४. १४४ ÷ ३२०० = ०.०४५ युनिट, म्हणजेच ४५ वॅट. त्याच रीतीने दोन कोरवर ६७.५ वॅट आणि चारही कोरवर ९० वॅट.

म्हणजे चारही कोर २४ तास, ३० दिवस चालवले तर ०.०९ × २४ × ३० = ६४.८ युनिट. बिलाचं कोडं सुटलं. संध्याकाळच्या नेहमीच्या ४ तासांचे ०.०४५ × ४ × ३० = ५.४ युनिट ८८ मध्ये आधीच आहेत, म्हणून जास्तीचे ५९.४ मिळवा, सुमारे १४७. त्यातले ४७ युनिट वरच्या दराचे!

आता दुसरा हिशोब. आमचा कॉम्प्युटर संध्याकाळी साधारण ४ तास तसाही चालू असतो. त्या वेळात बॉइंक दोन कोरवर चालवलं तर जास्तीचे फक्त ६७.५ – ४५ = २२.५ वॅट लागतात. महिन्याला ०.०२२५ × ४ × ३० = २.७ युनिट. घर ९१ युनिटच्या आत राहतं.

इथे एक गंमत आहे, ती मलाही आधी लक्षात आली नव्हती. पहिल्या पद्धतीत रोज ४ कोर × २४ तास = ९६ कोर-तास काम. दुसऱ्या पद्धतीत २ × ४ = ८ कोर-तास, म्हणजे बाराव्या हिश्शाचं काम. पण वीज? जास्तीच्या ५९.४ च्या जागी २.७, म्हणजे बाविसावा हिस्सा! प्रत्येक युनिटमागे काम जवळपास दुप्पट. कारण सोपं आहे. मशीन नुसतं चालू ठेवायला जे ४५ वॅट लागतात ते संध्याकाळी आपल्या कामासाठी तसेही खर्च होतातच. रात्री मात्र ते फक्त बॉइंकसाठी जळतात. म्हणून पहिला नियम लिहून ठेवा: या कामासाठी म्हणून कॉम्प्युटर चालू ठेवू नका. तो चालू असतो तेव्हाच त्याला सोबत काम द्या.

दोन टक्केवाऱ्यांचा घोळ

बॉइंकमध्ये ऑप्शन्स या मेनूत कम्प्युटिंग प्रेफरन्सेस उघडलं की दोन टक्केवाऱ्या दिसतात. एक, किती टक्के सीपीयू वापरायचे. दुसरी, किती टक्के सीपीयू टाईम वापरायचा. बहुतेक जण इथेच गोंधळतात. मीही गोंधळले होते.

स्वयंपाकघरातली चार बर्नरची शेगडी डोळ्यांसमोर आणा. पहिली टक्केवारी ५० केली तर दोनच बर्नर पेटतात. उरलेल्या दोनवर आपला चहा, आपली भाजी करता येते. दुसरी टक्केवारी ५० केली तर चारही बर्नर पेटतात, थोडा वेळ जळतात, थोडा वेळ विझतात, पुन्हा पेटतात. सरासरी निम्मी पडते, पण मशीन सारखं तापतं-निवतं आणि पंख्याचा आवाज वर-खाली होत राहतो. म्हणून पहिली टक्केवारी कमी करा आणि दुसरी १०० ठेवा. एवढं करूनही मशीन तापत असेल तरच दुसरीला हात लावा.

बाकीची सेटिंग, एकेक करून

१. आपण काम करत असताना थांबायचं की नाही? बॉइंक सगळ्यात खालच्या प्राधान्याने चालतं, आपल्या प्रोग्रामला हवी तेव्हा जागा देतं. तरी मशीन जुनं, दोन कोरचं किंवा कमी मेमरीचं असेल तर "कॉम्प्युटर वापरात असताना थांबा" यावर खूण करा. आमच्याकडे दोन बर्नर मोकळे असतात, म्हणून ती खूण काढली आहे.

२. दुसरा प्रोग्राम जड असेल तर? त्याचा वापर ठराविक टक्क्यांच्या वर गेला की बॉइंक थांबेल अशी सोय आहे. आम्ही २५ ठेवलं आहे. लेकीचा ऑनलाईन तास सुरू झाला की बॉइंक आपोआप बाजूला होतं.

३. मेमरी. प्रोसेसर मोकळा असून मशीन अडखळत असेल तर दोष बहुतेक मेमरीचा असतो. वापरात असतानाची मर्यादा २५ टक्क्यांवर आणून बघा.

४. लॅपटॉप असेल तर बॅटरीवर चालताना थांबायची खूण केलीच पाहिजे. लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवून हे काम कधीच चालवू नका, खालची हवा कोंडते.

५. वेळापत्रक. रोज कोणत्या वेळात काम करायचं ते ठरवता येतं. आमचं संध्याकाळी ६ ते १०.

६. कामाचा साठा कमी ठेवा. प्रत्येक तुकड्याला परत करायची मुदत असते. आपण रोज ४ तासच चालवणार आणि आठवड्याचं काम भरून ठेवणार, तर मुदत टळते आणि केलेली मेहनत वाया जाते. गावाला जायच्या आधी "नवीन काम नको" हे बटण दाबून ठेवा.

७. वीज गेली तर? घाबरू नका. हे प्रोग्राम मध्ये मध्ये आपली प्रगती लिहून ठेवतात. शेवटच्या नोंदीनंतरचं थोडं काम जातं, बाकी राहतं.

आणि एक सेटिंग सॉफ्टवेअरमध्ये नाही, ती आपल्या जिल्ह्याची आहे. उन्हाळ्याची सुट्टी! एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत आमचं बॉइंक पूर्ण बंद. कूलरची ओली हवा थेट मशीनवर घेऊन ते थंड करू, असा विचार कोणी करत असेल तर करू नका, दमट हवा आतल्या भागांना बाधते. पावसाळा लागला की आधी धूळ झाडायची, मग सुरू करायचं.

शाळेच्या कॉम्प्युटरवर चालवायचं का?

हा प्रश्न मला दोन-तीन शिक्षक मित्रांनी विचारला. माझं उत्तर स्पष्ट आहे. लेखी परवानगी नसेल तर नाही. मशीन शाळेचं, बिल शाळेचं, कधी कधी लोकवर्गणीचं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात एका शाळा-जिल्ह्याच्या संगणक अधिकाऱ्याने शाळांच्या मशीन्सवर सेटी ॲट होम चालवलं, त्यात त्याला नोकरी सोडावी लागली. हेतू चांगला असला तरी दुसऱ्याच्या विजेचं दान आपण करू शकत नाही. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीसमोर खर्चाचा आकडा ठेवा, ते हो म्हणाले तरच करा.

पण शाळेत हा विषय शिकवायला कॉम्प्युटर लागतच नाही. मी काय केलं ते बघा.

वर्गातला उपक्रम: आम्हीच कॉम्प्युटर

पाचवीची २० मुलं. १० जोड्या केल्या. काम: १ ते ५० मधल्या मूळ संख्या शोधायच्या. दहा-दहा संख्यांचे पाच तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा दोन वेगवेगळ्या जोड्यांना दिला, एकमेकांना न सांगता. आईनस्टाईन ॲट होम असंच करतं. एकच काम दोन घरी पाठवतं आणि उत्तरं जुळली तरच मान्य करतं.

एका जोडीने ३९ ला मूळ संख्या म्हटलं, दुसरीने नाही म्हटलं. मग तुकडा तिसऱ्या जोडीकडे गेला. "मॅडम, १३ त्रिक ३९!" असा आवाज आला आणि सगळा वर्ग हसला. शेवटी १५ मूळ संख्या मिळाल्या, एकाही जोडीवर जास्त भार पडला नाही. मग मी सांगितलं की जगातली माणसं अशीच मिळून मोठमोठ्या मूळ संख्या शोधतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा स्वयंसेवकांच्या जाळ्यातून सापडलेल्या संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. त्यावर एका पोराने विचारलं, "मग ती वहीत मावणार नाही?" नाही रे बाबा, आपल्या शाळेतल्या सगळ्या वह्या दिल्या तरी नाही!

दुसऱ्या दिवशीचा गृहपाठ: घरच्या मीटरवर एका युनिटला किती लुकलुक लिहिली आहे ते वाचून आणणे, आणि मोठ्या माणसासोबत दुरूनच उभं राहून ५ मिनिटांची लुकलुक मोजणे. मीटरला, वायरला हात लावायचा नाही हे तीनदा बजावा. पोरांनी आणलेल्या आकड्यांवरून गुणाकार, भागाकार आणि दशांश अपूर्णांक आपोआप झाले. आणि दोन पालकांचे फोन आले की लेकरू आता खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करते.

शेवटी एवढंच

पालकहो, ज्या घरात बिलाची आधीच ओढाताण आहे त्यांनी हे करायलाच पाहिजे असं मुळीच नाही. घरात एकच लॅपटॉप असेल आणि त्यावर मुलाचा अभ्यास असेल, तर आधी अभ्यास. ज्यांच्याकडे खरोखर उरतं त्यांनी उरलेलं द्यावं. आणि किती उरतं हे अंदाजाने ठरवू नका. मीटरसमोर १० मिनिटं बसा.

आमच्याकडे आता संध्याकाळी दोन बर्नर विज्ञानाचे, दोन घरचे. गेल्या आठवड्यात आबा स्क्रीनसमोर थांबले. फिरणारा आकाशाचा गोल बघून म्हणाले, "औंढ्याचं मशीन चालू झालं की त्याचंही काम आपल्या घरी येईल का?" मी म्हटलं, "येऊ शकते आबा." त्यावर ते म्हणाले, "मंग येऊ दे. पण दहाला बंद कर."

तुमच्या मीटरवर किती लुकलुक आली आणि वर्गात हा उपक्रम कसा झाला, ते नक्की कळवा.